बोअर, काडतूस आणि परवाना: रायफलीची कायदेशीर श्रेणी कशी ठरते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शस्त्र परवान्याच्या अर्जात 'बोअर' असा एक छोटा रकाना असतो. आमच्याकडे सातत्याने येणाऱ्या शंकांपैकी बहुतेक शंका या एका रकान्याभोवती फिरतात. पुढील उत्तरे भारतातील शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्या आधारे दिली आहेत. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत शस्त्रांच्या श्रेणी दिलेल्या असून त्या येथे १(ए), १(बी), १(सी), ३(ए), ३(बी), ३(सी) अशा लिहिल्या आहेत. प्रत्यक्ष अर्ज किंवा खटला समोर असेल, तर मूळ मजकूर हाताशी ठेवून वकिलाचा सल्ला घ्यावा.

१. 'बोअर' म्हणजे काय? .३१५, ७.६२ आणि बारा हे आकडे एकाच मापाचे आहेत का?

नाहीत. .३१५ हे इंचाच्या दशांशातले माप आहे, ७.६२ हे मिलिमीटरमधले आहे आणि 'बारा बोअर' हे तर लांबीचे मापच नव्हे. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या ओतल्या, तर त्यांतील एक ज्या नळीत बरोबर बसेल ती बारा बोअरची नळी. त्यामुळे तेथे आकडा लहान होत जातो तशी नळी मोठी होत जाते.

रायफलीच्या नळीला आतून आटे, म्हणजे पिळदार खाचा आणि त्यांमधले उंचवटे, असतात. दोन उंचवट्यांमधले अंतर मोजायचे की दोन खाचांमधले, याविषयी जुन्या कारखान्यांत एकवाक्यता नव्हती. .३०३ हा आकडा उंचवट्यांमधल्या अंतराचा आहे; तिच्या गोळीचा व्यास प्रत्यक्षात .३११ इंचाच्या आसपास असतो. शिवाय एकाच व्यासाच्या गोळीसाठी वेगवेगळ्या लांबीची, वेगवेगळ्या खांद्याची, कडा असलेली किंवा नसलेली काडतुसे बनवता येतात आणि त्यांतले एक दुसऱ्याच्या चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसण्याच्या जागेत, बसत नाही. म्हणून परवान्यावरचा 'बोअर' हा शब्द नळीच्या मापापेक्षा काडतुसाच्या नावाकडे बोट दाखवतो, हे आरंभीच लक्षात ठेवलेले बरे. पुढचे जवळजवळ सगळे गोंधळ येथूनच सुरू होतात.

२. पीबी आणि एनपीबी हे शब्द कायद्यात आहेत का?

दुकानदार, नेमबाज आणि कारकून सगळेच 'प्रोहिबिटेड बोअर' आणि 'नॉन-प्रोहिबिटेड बोअर' असे म्हणत असले, तरी अधिनियमातला शब्द 'प्रतिबंधित शस्त्रे' असा आहे. कलम २(१)(आय) मधील त्याच्या व्याख्येत बोअरचा उल्लेखच नाही. चाप दाबून धरला असता तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटत राहणारी शस्त्रे, विषारी द्रव किंवा वायू सोडण्यासाठी बनवलेली शस्त्रे, तोफा, विमानविरोधी आणि रणगाडाविरोधी शस्त्रे, तसेच केंद्र सरकार राजपत्रातील अधिसूचनेने जाहीर करील ती शस्त्रे, अशी ती व्याख्या आहे.

बोअरचा विचार येतो तो नियमांच्या अनुसूचीत. २०१६ च्या नियमांनी १(बी) आणि १(सी) या श्रेणींना निर्बंधित, तर तिसऱ्या श्रेणीला अनुज्ञेय मानले आहे. निर्बंधित श्रेणीचा परवाना केंद्रीय गृह मंत्रालय देते. अनुज्ञेय श्रेणीचा परवाना जिल्हादंडाधिकारी देतात आणि मुंबई, पुणे, नागपूर अशा आयुक्तालयांच्या हद्दीत पोलीस आयुक्त. बोलीभाषेत 'पीबी' म्हटले की १(ए), १(बी) आणि १(सी) या तिन्ही श्रेणी एका पोत्यात घातल्या जातात. अर्ज भरताना त्याने फारसे बिघडत नाही. खटल्यात मात्र बिघडते (प्रश्न १४ पाहा).

३. माझी रायफल कोणत्या श्रेणीत येते, हे कोणत्या क्रमाने तपासावे?

प्रथम रायफलीची क्रिया पाहावी. ती पूर्ण स्वयंचलित असेल, तर ती १(ए) मध्ये गेली आणि पुढे पाहण्याचे कारण उरत नाही. ती अर्धस्वयंचलित असेल, म्हणजे चाप दर वेळी नव्याने ओढावा लागत असला तरी पुढचे काडतूस आपोआप चेंबरमध्ये येत असेल, तर ती १(बी) किंवा १(सी) मध्ये जाते. ती हाताने बोल्ट ओढण्याची असेल, तरच काडतुसाचा प्रश्न निर्णायक ठरतो. .३०३ किंवा ७.६२ मिमीचे सरकारी सेवेतील काडतूस तिच्या चेंबरमध्ये बसून उडू शकत असेल, तर ती १(सी) मध्ये येते. तसे नसेल आणि ती रिमफायर काडतुसाची (प्रश्न १० पाहा) कमी वेगाची .२२ असेल, तर ३(सी) मध्ये; अन्य कोणतीही मागून भरायची रायफल असेल, तर ३(बी) मध्ये.

४. थ्री-नॉट-थ्रीवर (.३०३) निर्बंध आहेत, पण तिच्याहून जोरदार थर्टी-ओ-सिक्स (.३०-०६) सामान्य परवान्यावर मिळते. हे उलटे नाही का?

शस्त्र जितके घातक तितका निर्बंध कडक, या समजुतीने पाहिले तर उलटे वाटणारच. .३०-०६ चे काडतूस .३०३ पेक्षा अधिक जोरदार आहे. हत्ती-गव्यांसाठी १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंड या लंडनच्या कारखान्याने आणलेले .३७५ मॅग्नम या दोघांनाही मागे टाकते, आणि त्या काडतुसाची बोल्टची रायफल ३(बी) मध्येच बसते.

परंतु १(सी) ही श्रेणी रायफलीची ताकद मोजतच नाही. तेथे विचारला जातो तो प्रश्न असा, की सैन्याच्या किंवा पोलिसांच्या कोठारातून एखादी पेटी गहाळ झाली, तर तिच्यातली काडतुसे या रायफलीला चालतील का? ज्या खाजगी रायफलीला सरकारी काडतूस चालते, तिला दारूगोळ्याचा एक चोरटा पुरवठा सतत उपलब्ध असण्याची शक्यता राहते. जिला ते चालत नाही, तिच्या मालकाला परवानाधारक दुकानदाराकडे जावेच लागते, आणि तेथे त्याच्या प्रत्येक खरेदीची नोंद परवान्यावर आणि दुकानाच्या वहीत होते. हा विचार १८५७ नंतरच्या इंग्रजी राजवटीचा आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्यामागची धास्तीही तीच होती. स्वातंत्र्यानंतर कायदा नवा झाला, तरी अनुसूचीतल्या या ओळीमागचे तर्कशास्त्र जुनेच राहिले. ते आजही निरुपयोगी झालेले नाही, असे आमचे मत आहे; पण ते ताकदीचे तर्कशास्त्र नाही, एवढे मान्य केले पाहिजे.

५. मग .३१५ ही रायफल आली कुठून? ती जगात इतरत्र का दिसत नाही?

ती मुळात या कायद्याच्या चौकटीसाठीच घडवली गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हिंदुस्थानातील मळेवाले, वनाधिकारी, संस्थानिक आणि शिकारी यांना ली-एन्फिल्ड घराण्याची भरवशाची बोल्टची रायफल हवी होती, पण तिचे .३०३ काडतूस सैन्याचे असल्यामुळे ते खाजगी हातांत जाणे सरकारला नको होते. बर्मिंगहॅमच्या बीएसए या कारखान्याने यातून वाट काढली. रायफलीची बांधणी साधारण तीच ठेवून तिला ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्यातील मॅनलिखर रायफलीचे ८×५० मिमीचे कडा असलेले काडतूस दिले गेले. ते काडतूसही सैनिकीच होते, परंतु हिंदुस्थानातील एकाही सरकारी कोठारात ते नव्हते.

.३०३ चे काडतूस या रायफलीच्या चेंबरसाठी नाही आणि .३१५ चे काडतूस सैन्याच्या रायफलीत जात नाही. दोन्ही बाजूंनी दार बंद. पुढे बंगालमधील ईशापूरच्या कारखान्याने हीच रायफल बनवली आणि ती देशभर पसरली. ऑस्ट्रियात मूळ काडतूस केव्हाच इतिहासजमा झाले, भारतात मात्र.३१५ या नावाने ते अजून सरकारी कारखान्यात तयार होते. काडतुसाच्या आकाराने रायफलीचे कायदेशीर भवितव्य ठरल्याचे याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात नाही.

६. जुन्या शिकारी रायफलींवर .४६५, .४७०, .४७५ असे विचित्र आकडे दिसतात. त्यांचाही याच्याशी संबंध आहे का?

थेट संबंध आहे. १८७१ पासून इंग्रजी फौजेत मार्टिनी-हेन्री रायफल होती. तिच्या .५७७/४५० या काडतुसाची गोळी .४५० घराण्याची होती. नव्या रायफली आल्यावरही जुन्या मार्टिनी मोठ्या संख्येने सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती राहिल्या. दरम्यान १८९८ मध्ये जॉन रिग्बी यांनी मोठ्या शिकारीसाठी .४५० नायट्रो एक्सप्रेस हे काडतूस आणले आणि ते लोकप्रिय झाले. या शिकारी काडतुसांच्या गोळ्या काढून त्या मार्टिनीसाठी वापरल्या जातील, या भीतीने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफली व काडतुसे आणण्यास मनाई झाली.

लंडनच्या बंदूक कारखानदारांची सर्वांत मोठी पेठ म्हणजे हिंदुस्थान. ती हातची जाऊ नये म्हणून प्रत्येकाने .४५० च्या शेजारचा, पण .४५० नसलेला आकडा शोधला. हॉलंड अँड हॉलंडने .५००/४६५ काढले, जोसेफ लँग यांनी .४७० काढले आणि पाठोपाठ .४७५ व .४७६ आली. शिकारीच्या दृष्टीने या सगळ्यांत फारसा फरक नाही. म्हणजे येथे काडतुसाने कायदा बदलला नाही. कायद्याने काडतुसे जन्माला घातली.

७. सैन्याने .३०३ केव्हाच सोडली. मग ती अजून निर्बंधित का?

कारण अनुसूचीत तिचे नाव आकड्यासह लिहिलेले आहे, आणि शस्त्र सेवेतून निवृत्त झाले म्हणून अनुसूचीतली ओळ आपोआप खोडली जात नाही. दुसरे असे, की सैन्याने सोडली तरी पोलिसांनी ती पुढे कित्येक वर्षे वापरली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरील पोलिसांच्या हाती याच जुन्या रायफली होत्या. उत्तर प्रदेश पोलिसांनी तिला समारंभपूर्वक निरोप दिला तो २०२० च्या प्रजासत्ताक दिनी.

८. माझ्या ओळखीच्या गृहस्थांच्या रायफलीवर '.३०८ विंचेस्टर' असे कोरलेले आहे, '७.६२' असे कुठेही नाही. ती १(सी) मध्ये कशी?

अनुसूचीतील शब्दरचना नीट वाचली, तर उत्तर तिच्यातच आहे. ती केवळ '.३०३ किंवा ७.६२ मिमी बोअरच्या रायफली' असे म्हणून थांबत नाही, '.३०३ किंवा ७.६२ मिमीचे सेवेतील काडतूस ज्यांच्या चेंबरमध्ये बसू शकते आणि उडू शकते अशा अन्य कोणत्याही बोअरच्या रायफली' असेही म्हणते. .३०८ विंचेस्टर हे १९५२ मध्ये नागरी वापरासाठी बाजारात आले आणि त्याच्याच घडणीचे ७.६२×५१ मिमी हे काडतूस १९५४ मध्ये नाटोने स्वीकारले. दोघांची बाह्य मापे जवळपास सारखी आहेत. १९६२ च्या युद्धानंतर ईशापूरने जी बोल्टची २ए आणि २ए१ रायफल बनवली, तिचेही काडतूस हेच. तेव्हा नळीवर काय कोरले आहे याला महत्त्व नाही; चेंबरमध्ये काय बसते याला आहे.

हा नियम नावापुरता बोअर बदलण्याच्या युक्त्याही निष्फळ ठरवतो. नवे नाव देऊन जुनेच चेंबर ठेवले, तर रायफल आहे तेथेच राहते.

९. पण .३०-०६ ची नळीसुद्धा ७.६२ मिमीचीच आहे. मग शब्दशः वाचले तर तीही १(सी) मध्ये नको का?

हा प्रश्न वकील मंडळी आवडीने विचारतात, आणि तो चुकीचा नाही. .३०-०६, .३०८ आणि ७.६२×५१ या तिन्हींच्या गोळीचा व्यास एकच, .३०८ इंच. फरक आहे तो खोळीच्या, म्हणजे दारू भरलेल्या धातूच्या नळकांड्याच्या, लांबीत. .३०-०६ ची खोळ ६३ मिमीची आणि सेवेतील काडतुसाची ५१ मिमीची. खांद्याची जागा वेगळी असल्याने एकाचे चेंबर दुसऱ्याच्या काडतुसासाठी बनलेले नसते. चुकीचे काडतूस घालून पाहण्याचा प्रयोग कोणत्याही रायफलीवर करू नये. खोळ फुटून चेहऱ्याला आणि हाताला गंभीर इजा होते.

व्यवहारात 'बोअर' हा शब्द काडतुसाचे नाव म्हणून वाचला जातो (प्रश्न १ पाहा), आणि सरकारी कारखानाच ईशापूरची .३०-०६ स्पोर्टिंग रायफल सामान्य परवानाधारकांना विकत आला आहे. त्यामुळे तिच्या श्रेणीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. अनुसूचीचा मजकूर मात्र याहून नेमका लिहिता आला असता. '७.६२ मिमी बोअर' याऐवजी काडतुसाचे पूर्ण नाव खोळीच्या लांबीसह दिले असते, तर हा प्रश्न उद्भवलाच नसता.

१०. .२२ रायफलीला वेगळी वागणूक का? आणि .२२ हॉर्नेट हीसुद्धा .२२ च नव्हे का?

.२२ रायफलीचे नाव मूळ अधिनियमात थेट आले होते. २०१९ च्या दुरुस्तीपूर्वी कलम १३(३) नुसार मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या किंवा संघटनेच्या सदस्याने नेमबाजीच्या सरावासाठी .२२ बोअरची रायफल मागितली, तर परवाना अधिकाऱ्याने परवाना द्यायचा असे. अर्थात कलम १४ मधली नकाराची कारणे लागू असतातच. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवले, आणि तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत ५० मीटर प्रोनचे सुवर्णपदक जिंकले, ते याच छोट्या काडतुसाच्या रायफलीवर.

परंतु अनुसूचीतली सवलत '.२२' या आकड्याला नाही. अनुसूचीतील शब्द '.२२ बोअरच्या (कमी वेगाच्या), रिमफायर काडतुसे वापरणाऱ्या रायफली' असे आहेत. रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण बुडाच्या कडेत भरलेले असते. घोड्याची टाच (फायरिंग पिन) कडेवर बसते आणि दारू पेटते. अशी कडा पातळ ठेवावी लागते, त्यामुळे आत फार दाब निर्माण होईल इतकी दारू भरता येत नाही. .२२ हॉर्नेटमध्ये, किंवा त्याहून वेगवान .२२-२५० मध्ये, बुडाच्या मध्यभागी दारू पेटवणारी स्वतंत्र टोपी असते, खोळ भक्कम असते आणि गोळीचा वेग दुप्पट किंवा त्याहून अधिक असतो. ही सेंटरफायर काडतुसे आहेत, म्हणून त्यांच्या रायफली ३(बी) मध्ये जातात. गोळी जवळपास तेवढ्याच जाडीची असूनही टोपीच्या जागेवरून श्रेणी बदलते.

११. माझ्या मुलाला अर्धस्वयंचलित .२२ हवी आहे. काडतूस तर तेच, मग अडचण काय?

येथे काडतुसाची सवलत उपयोगी पडत नाही. १(बी) मध्ये १(सी) आणि ३(ए) वगळता सर्व अर्धस्वयंचलित शस्त्रे येतात, आणि ३(ए) ही पिस्तुले व रिव्हॉल्व्हरची श्रेणी आहे. म्हणून अर्धस्वयंचलित पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळू शकते, पण अर्धस्वयंचलित .२२ रायफल मिळत नाही. हे विसंगत दिसते खरे; मजकूर मात्र स्पष्ट आहे. मुलगा २१ वर्षांखालील असेल, तर कलम ९ चा वेगळा अडथळा आहे, आणि प्रशिक्षणासाठीची सवलत वेगळ्या अटींवर मिळते.

१२. .४१० मस्केट आणि .४१० शॉटगन यांत काय फरक?

आकडा एक, वस्तू दोन. ईशापूरने जुन्या ली-एन्फिल्डच्या आतले आटे काढून पोलीस आणि तुरुंगातील पहारेकऱ्यांसाठी गुळगुळीत नळीची मस्केट बनवली होती. तिचे काडतूस म्हणजे .३०३ ची खोळ, फक्त पुढचे तोंड आवळून बारीक न केलेली. ही मस्केट आणि तिचे काडतूस चालणारे कोणतेही शस्त्र १(सी) मध्ये आहे. छऱ्यांचे साधे .४१० काडतूस वापरणारी मागून भरायची शॉटगन ३(सी) मध्ये येते. मात्र तिची नळी २० इंचांहून आखूड असेल, तर ती १(बी) मध्ये जाते. परवान्यावर नुसते '.४१०' लिहून घेऊ नये. 'शॉटगन' हा शब्द आवर्जून लिहवून घ्यावा.

१३. मऊ नाकाची गोळी म्हणजे दमदम गोळी ना? ती बाळगली तर रायफल प्रतिबंधित होते का?

दमदम हे कलकत्त्याजवळच्या दारूगोळा कारखान्याचे गाव. तेथे १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी .३०३ च्या गोळीचे टोक उघडे ठेवून ती अंगात शिरल्यावर पसरेल अशी केली. २९ जुलै १८९९ च्या हेग घोषणेने अशा गोळ्यांचा युद्धातील वापर निषिद्ध ठरवला. ही बंदी युद्धाविषयी आहे, शिकारीविषयी नाही. त्यामुळे सैन्याच्या गोळीला पूर्ण धातूचे कवच आणि नागरी रायफलीच्या गोळीला मऊ नाक, अशी जगभर विभागणी झाली. सरकारी कारखान्यातून येणारे .३१५ चे काडतूसही मऊ नाकाचेच आहे.

अधिनियमातील 'प्रतिबंधित दारूगोळा' या व्याख्येत विषारी द्रव किंवा वायू असलेली काडतुसे, रॉकेट, बॉम्ब, हातबॉम्ब, तोफगोळे, क्षेपणास्त्रे आणि अधिसूचित वस्तू येतात. गोळीच्या नाकाचा तेथे उल्लेख नाही, आणि १(सी) ची कसोटीही गोळीच्या टोकाची नसून खोळीच्या व चेंबरच्या आकाराची आहे. .३०३ च्या खोळीत शिकारीची मऊ गोळी बसवली म्हणून .३०३ ची रायफल ३(बी) मध्ये येत नाही.

१४. बातम्यांत '.३१५ बोअरचा गावठी कट्टा' असे सारखे येते. .३१५ खुली असेल, तर कट्ट्याचा गुन्हा हलका ठरतो का?

कट्ट्याला परवाना नसतो आणि मिळूही शकत नाही, त्यामुळे बोअर कोणतेही असले तरी गुन्हा घडतोच. विनापरवाना बाळगल्यास कलम २५(१बी) लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे आहे. कट्टेवाले .३१५ आणि बारा बोअर पसंत करतात, कारण ही काडतुसे नागरी बाजारात असतात. सरकारी काडतूस मिळवणे अवघड पडते.

प्रतिबंधित शस्त्रासाठी कलम २५(१ए) आहे आणि तेथे शिक्षा सात ते चौदा वर्षे. त्यामुळे शस्त्र त्या कलमात बसते की नाही, हा वाद न्यायालयात जोरात लढवला जातो. नियमांच्या अनुसूचीत १(सी) मध्ये असणे आणि अधिनियमाच्या व्याख्येनुसार 'प्रतिबंधित शस्त्र' असणे, या दोन गोष्टी शब्दशः एक नाहीत (प्रश्न २ पाहा). आरोपपत्रात केवळ 'पीबी' असे लिहिलेले असल्यास ते कोणत्या व्याख्येच्या किंवा अधिसूचनेच्या आधारे, हे वकिलाने विचारलेच पाहिजे. न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात शस्त्र चालू स्थितीत आहे का आणि त्यातून कोणते काडतूस उडते, हे स्पष्ट असावे लागते.

१५. आजोबांची .३०३ रायफल घरात आहे. काडतुसे नाहीत, टाचही काढून टाकली आहे. तरीही ती निर्बंधित का?

काडतूस जवळ असणे ही कसोटी नाही, चेंबर ही कसोटी आहे. टाच काढल्याने रायफल कायद्याच्या कक्षेबाहेर जात नाही, कारण कलम ४५(सी) ची सूट जुन्या पद्धतीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा मोडकळीस आलेल्या अशाच शस्त्राला आहे, जे दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. टाच नवी बसवता येते.

परवानाधारक वारले असतील, तर कलम २१ प्रमाणे शस्त्र विलंब न लावता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे आणि वारसाने आपल्या नावावर परवाना मागावा. परवानाधारक हयात असताना त्यांचे वय ७० झाल्यावर किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यावर, यांतले जे आधी होईल तेव्हा, वारसाच्या नावे परवाना मागता येतो. शस्त्र .३१५ असते तर हे काम जिल्हा पातळीवर झाले असते; .३०३ साठी गृह मंत्रालयापर्यंत जावे लागते. २०१९ पासून एका व्यक्तीला दोनच शस्त्रे ठेवता येतात आणि वारसाहक्काने आलेले शस्त्रही त्यात मोजले जाते.

१६. तिची नळी बदलून .३१५ करून घेतली तर?

स्वतः किंवा गावातल्या लोहाराकडून केली, तर तो आणखी एक गुन्हा होतो, कारण शस्त्र बनवणे, दुरुस्त करणे आणि त्यात परिवर्तन करणे या प्रत्येकासाठी कलम ५ खाली परवाना लागतो. जुने शस्त्र मुळात कोणत्या परवान्यावर आहे, हा प्रश्नही उरतोच.

१७. .३१५ चा परवाना आहे. कपाटात .३०३ ची दोन काडतुसे सापडली. चालेल का?

नाही. कलम ३ दारूगोळ्यालाही लागू आहे आणि परवाना फक्त त्यावर नोंदलेल्या शस्त्राच्या काडतुसांपुरता, तोही ठरलेल्या संख्येपर्यंतच असतो. ती काडतुसे पोलीस ठाण्यात लेखी नोंद करून जमा करावीत. काडतूस कुठले, हे बुडावरच्या शिक्क्यावरून कळते. 'केएफ' म्हणजे पुण्याजवळच्या खडकीचा, १८६९ पासूनचा कारखाना, ज्याच्या 'शक्तिमान' काडतुसांची खोकी महाराष्ट्रातल्या बारा बोअरवाल्यांना तोंडपाठ आहेत. 'ओएफव्ही' म्हणजे जळगाव जिल्ह्यातील वरणगाव. २०२१ पासून हे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे आहेत.

जुन्या बॅगेत एखादे काडतूस नकळत राहून विमानतळावर सापडले, तर 'जाणीवपूर्वक ताबा' होता का, हा मुद्दा येतो. तो सर्वोच्च न्यायालयाने गुणवंतलाल विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या १९७२ च्या निकालात मांडला, आणि त्याच्या आधारे उच्च न्यायालयांनी अशी अनेक प्रकरणे रद्द केली आहेत. रिकाम्या खोळीही बेफिकिरीने जवळ ठेवू नयेत. 'दारूगोळा' या व्याख्येत त्याचे भागही येतात, आणि किरकोळ भागांची सूट कलम ४५(डी) मधील अटीवरच मिळते.

१८. पिस्तुलांनाही हीच कसोटी लागू आहे का?

आहे. .३८० आणि .४५५ ची कडा असलेली किंवा सेवेतील ९ मिमीची काडतुसे ज्यांत चालतात ती पिस्तुले, रिव्हॉल्व्हर आणि कार्बाइन १(सी) मध्ये आहेत. सरकारी कारखान्यांचे नागरी रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल .३२ चे आहे, त्यामागचे कारण .३१५ च्या जन्मामागचेच आहे (प्रश्न ५ पाहा).

१९. आमच्याकडे रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक आहे. तिला काडतूसच लागत नाही. मग तिचे बोअर काय लिहायचे?

ठासणीच्या बंदुकीत दारू, बोळा आणि छर्रे नळीच्या तोंडातून भरून वरून ठासले जातात आणि मागे टोपी लावली जाते. तयार काडतूसच नसल्यामुळे 'सेवेतील काडतूस बसते का' हा प्रश्न तिला लागू होत नाही. प्रामाणिक पीकसंरक्षणासाठी तिचा परवाना देण्याचा उल्लेख कलम १३(३) मध्येच आहे, आणि सिंधुदुर्ग, रत्नागिरी, कोल्हापूर या पट्ट्यात असे परवाने पिढ्यान् पिढ्या चालत आले आहेत. बोअरच्या रकान्यात 'ठासणीची, एकनळी' असे लिहिण्याची रीत आहे. परवाना बंदुकीचा आहे, शिकारीचा नव्हे. रानडुकराच्या बाबतीतही वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली वन विभागाची परवानगी वेगळी घ्यावी लागते.